शेजाऱ्यासमोर बोललेलें सत्य : कै. मुकुंदराव पाटील यांचें स्मरण



दूर असलेल्या मनुष्याविषयीं खरें बोलणें सोपें आहे. मुखेडच्या बाजारांत उभें राहून मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लोकांचे दोष सांगावयास कोणासहि धैर्य लागत नाहीं. परंतु ज्याच्या विहिरीवर आपलीं गुरें पाणी पितात, ज्याच्या बांधाला आपला बांध लागून आहे, पेरणीच्या दिवसांत ज्याच्याकडून आपण बीं उसनें आणितों, त्यानें अन्याय केला असतां ‘हा अन्याय आहे’ असें त्याच्या तोंडावर म्हणणें, हें अगदीं निराळें काम आहे. तर मग गांवांत राहणाऱ्या मनुष्यानें शेजाऱ्याचा अन्याय उघड करावा, किंवा गांवची शांति राखण्याकरितां मौन धरावें? आणि उघड करावयाचा झाल्यास तो अशा रीतीनें कसा करावा कीं, सत्यहि राहावें व शेजारहि राहावा?

ह्या प्रश्नाचा विचार करितांना एका पत्रकाराचें चरित्र आम्हांस उपयोगी वाटतें. ते पत्रकार म्हणजे ‘दीनमित्र’कर्ते मुकुंदराव पाटील. त्यांचा जन्म इ. स. १८८५ त झाला. त्यांचे जन्मदाते कृष्णराव भालेकर यांनीं इ. स. १८७७ त पुण्यास ‘दीनबंधु’ पत्र काढिलें होतें. आणि ज्या गणपतराव पाटलांच्या घरीं मुकुंदराव दत्तक गेले, त्यांनीं इ. स. १८८८ त ‘दीनमित्र’ ह्या नांवाचें मासिक चालविलें होतें. दोघेहि जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे. म्हणजे लेखणी ही मुकुंदरावांस दोन्ही घरांकडून वारशानें मिळाली. ता. २३ नोव्हेंबर १९१० रोजीं त्यांनीं ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केलें. तें आरंभीं सोमठाणें येथून व पुढें नेवासें तालुक्यांतील तरवडी ह्या खेड्यांतून निघत असे. इ. स. १९६७ त ते वारले तोंपर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षें, त्यांनीं तें चालविलें.

वाचकांनीं येथें थोडें थांबून पाहावें. त्या काळीं वर्तमानपत्र म्हटलें कीं तें पुण्या-मुंबईचें, निदान जिल्ह्याच्या शहराचें. त्याच नगरच्या शहरांतून ‘ज्ञानोदय’ इ. स. १८४२ तच निघूं लागलें होतें. परंतु खेड्यांत राहून, खेड्यांतल्या रयतेकरितां, रयतेपैकींच एकानें साप्ताहिक काढावें, ही गोष्ट नवी होती. ज्या वर्षीं हें पत्र निघालें त्याच वर्षीं सरकारनें मुद्रणाचा कायदा करून नव्या छापखान्यांवर ५०० ते २,००० रुपयांच्या तारणाची टांगती तलवार ठेविली होती. आणि वाचणारे तरी किती? इ. स. १९११ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांतील शंभर माणसांपैकीं जेमतेम सहा साक्षर निघालीं. तेव्हां हें पत्र एकानें वाचावें व दहांनीं ऐकावें, असेंच व्हावयाचें.

जो समाज वाचूं शकत नाहीं त्याच्यावर कागदाची सत्ता किती मोठी असते, हें आपल्या वडीलधाऱ्यांस सांगावें लागत नाहीं. कुळकर्ण्याचें दप्तर मोडींत, सावकाराचा रोखा मोडींत, आणि खालीं शेतकऱ्याची सही म्हणून नांगराची निशाणी! आमच्या मुखेडाकडे तर इ. स. १९४८ पर्यंत निजामाचें राज्य. तेथें कचेरीची व न्यायाची भाषा उर्दू. रोख्यांत वीस रुपये लिहिले किंवा दोनशें, हें निशाणी करणाऱ्यास कसें कळावें? इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयत उठली, आणि तो वणवा नगर जिल्ह्यांतहि पसरला. लोकांनीं बहुतेक ठिकाणीं सावकाराच्या जिवास हात लाविला नाहीं. त्यांनीं त्याच्यापाशीं रोखे मागितले आणि ते जाळिले. कोणता शत्रु खरा, हें त्या अडाणी लोकांस चांगलें समजलें होतें. पुढें इ. स. १८७९ चा कायदा झाला. शेतकऱ्याचे दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारासमोर व्हावे, आणि न्यायाधीशानें रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार पाहावा, असें त्यांत ठरलें.

परंतु कागद जाळल्यानें कागदाची सत्ता संपत नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुसरा कागद होतो, आणि तोहि वाचतां येत नाहीं. मुकुंदरावांचा मार्ग निराळा होता. त्यांनीं रयतेच्या हातीं तिचाच कागद दिला. त्यांचें ‘कुळकर्णी लीलामृत’ इ. स. १९१३ च्या सुमाराचें. त्यांत दप्तराच्या जोरावर कुळकर्णी भोळ्या शेतकऱ्यास कसा नाडतो हें त्यांनीं ओवीबद्ध करून सांगितलें. पुढें ‘शेटजी प्रताप’ लिहून सावकारीचें अंतरंगहि दाखविलें. ओवी कां निवडली? आमच्या समजुतीप्रमाणें कारण साधें आहे. ज्यास अक्षर येत नाहीं त्यासहि पोथी ऐकण्याची संवय असते. ज्या नेवाशांत ज्ञानेश्वरांनीं ओवीनें सामान्य जनांस ज्ञान दिलें, त्याच तालुक्यांतल्या ह्या मनुष्यानें ओवीनेंच त्यांस हिशेब शिकविला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. असें लिहिणें म्हणजे शेजाऱ्याची निंदा नव्हे काय? सत्यशोधकांवर जातिद्वेषाचा आरोप त्या काळीं पुष्कळांनीं केला, आणि तो हंसून सोडून देण्याजोगा नाहीं. उपहास हें धारेचें शस्त्र आहे. तें कृत्यावर मारावयाचें तें कधीं कधीं कुळावर बसतें. कुळकर्ण्याच्या घरीं जन्मलेलें निर्दोष लेकरूंहि तें लीलामृत ऐकत असेल, हें लेखकानें विसरूं नये.

तथापि निंदा व साक्ष ह्यांत भेद आहे. निंदक पाठीमागें बोलतो व आपण निसटून जातो. साक्षीदार समोर बोलतो व जागेवर राहतो. निंदक म्हणतो, ‘ते सगळे तसेच’; साक्षीदार म्हणतो, ‘अमुक काम अमुक रीतीनें होतें.’ तरवडीस छापलेला मजकूर खोटा असता तर ज्याच्याविषयीं तो छापला तो मनुष्य छापखान्याच्या दारांत येऊन उभा राहूं शकत होता. लिहिणारा व ज्याच्याविषयीं लिहिलें तो, दोघे एकाच शिवारांतले. ही जवळीक भय उत्पन्न करिते हें खरें. पण तीच लेखणीस नेमकेपणा शिकविते. शिवाय दोष धंद्यांत व अधिकारांत आहे असें दाखविलें म्हणजे त्यावर उपायहि सांपडतो. इ. स. १९१८ त शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत कुळकर्णी वतनें रद्द करून पगारी तलाठी नेमिले. जातीवर उपाय कोणता करणार? तिचा केवळ द्वेषच करितां येतो.

नेमकें सत्य बोललें नाहीं म्हणजे काय होतें, हें आमच्याच भागानें पाहिलें आहे. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातुरास वकिली करी. त्याच्या लोकांनीं मराठवाड्यांत जें केलें तें जुन्या लोकांच्या हृदयांत कोरलेलें होतें. पण सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर जो सूड उगविला गेला, तो कोणीं काय केलें हें पाहून नव्हे, तर कोण कोणत्या समाजाचा हें पाहून. सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीनें जे चार जिल्हे सर्वांत अधिक पोळलेले म्हणून सांगितले त्यांत नांदेड एक होता. आणि तो अहवाल कित्येक दशकें लोकांपुढें आलाच नाहीं. त्याच वर्षाच्या आरंभीं, गांधीजींच्या वधानंतर, पश्चिम महाराष्ट्रांत अनेक गांवीं ब्राह्मणांचीं घरें जाळलीं गेलीं. एकाचा अपराध सर्वांच्या माथीं! इ. स. १८७५ च्या रयतेनें कागद व मनुष्य ह्यांतला भेद ओळखिला, इ. स. १९४८ त तो भेद पुष्कळ ठिकाणीं विसरला गेला. ज्या गांवांत अपराध्याचें नांव व कृत्य वेळेवर, उघड, मोजून सांगणारा कोणी नसतो, त्या गांवांत एके दिवशीं राग आंधळा होऊन निघतो. म्हणून मौनानें शांति राहते, ही समजूत खोटी आहे. मौनानें केवळ हिशेब थकतो, आणि त्यावर व्याज चढतें.

कोणी बंधु विचारील, ‘हे गृहस्थ आपल्या मंडळीचे नव्हते, मग त्यांचें स्मरण आपण कां करावें?’ नव्हते हें खरें. परंतु शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा ज्यांस मिळाली, त्यांस खरी साक्ष देणाऱ्याचा आदर करण्यास संकोच कां वाटावा? नाथान भविष्यवादी दावीदाकडे गेला तेव्हां त्यानें आधीं एका गरिबाच्या कोंकराची गोष्ट सांगितली, आणि मग बोट ठेविलें तें एकाच मनुष्यावर. जक्कय जकातदारानें लुबाडलेलें चौपट परत करण्याचें वचन दिलें, तेव्हां त्याचें घर जाळलें गेलें नाहीं. त्या घरीं पाहुणचार झाला. अन्याय उघड करण्याचा शेवट असा व्हावा.

आज मोडी गेली, सातबारा मोबाईलवर दिसतो, आणि ज्याच्या हातीं मोबाईल तो प्रत्येकजण आपल्यापुरता ‘दीनमित्र’ काढूं शकतो. परंतु न पाहिलेल्या माणसांविषयीं न तपासलेली गोष्ट एका बोटानें पन्नास घरीं धाडितां येऊं लागल्यामुळें साक्षीचें काम सोपें झालेलें नाहीं; तें कठीणच झालें आहे. म्हणून आमच्या शिक्षकांनीं व उपदेशकांनीं, कोणाविषयीं लिहिण्यापूर्वीं किंवा सभेंत बोलण्यापूर्वीं, आपल्या मनास तीन प्रश्न विचारावे. हें मीं स्वतः पाहिलें किंवा तपासलें आहे काय? मी कृत्याविषयीं बोलत आहें, कीं कुळाविषयीं? आणि ज्याच्याविषयीं बोलतों तो उद्यां सकाळीं विहिरीवर भेटला असतां हेच शब्द त्याच्यासमोर उच्चारूं शकेन काय? तिहींचें उत्तर ‘होय’ आल्यास भिऊं नये, बोलावें. एकाचेंहि ‘नाहीं’ आल्यास त्या दिवशीं जीभ आवरावी, आणि चौकशीस निघावें.

सत्तावन्न वर्षें एका खेड्यांत बसून दर आठवड्यास लिहीत राहणें हें मोठ्या गाजावाजाचें काम नव्हे. परंतु ज्यांच्याविषयीं लिहिलें त्यांच्याच शेजारीं तो मनुष्य शेवटपर्यंत राहिला. त्याचें स्मरण करावयाचें तर फुलांचा हार घालून होणार नाहीं; आपल्या गांवच्या चावडीवर एक खरें वाक्य, समोरासमोर, द्वेष न धरितां बोलून होईल.