जिजाई का विसरत नाही?

चित्रपट पाहून घरी परतल्यावर कथानक हळूहळू पुसट होते, गाण्यांच्या चालीही विरून जातात. मात्र एखादी व्यक्तिरेखा मनात ठाण मांडून बसते. असे का व्हावे? अभिनयाचे कौशल्य, हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. कुशल नटांच्या कितीतरी भूमिका लोक विसरून गेले आहेत.

‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरात गिरगावच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि तेथे ५७ आठवडे चालला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दामले-फत्तेलाल यांनी तुकोबांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांची निवड केली. एकेकाळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे पागनीस तुकोबांशी असे एकरूप झाले की, पुष्कळांच्या मनात संताला त्यांचाच चेहरा लाभला.

तरीही प्रेक्षकाच्या पाठोपाठ घरी येते ती जिजाई. ही भूमिका गौरी यांनी केली. त्या काही कसलेल्या नटी नव्हेत. ‘प्रभात’मध्ये झाडलोटीच्या कामापासून सुरुवात करून, किरकोळ भूमिका करीत त्या येथवर पोहोचल्या होत्या. नवरा नामस्मरणात दंग, घरात दाणा नाही, पोरे भुकेली. जिजाई चिडते, बोल लावते, म्हैस सांभाळते. पोर आजारी पडते तेव्हा देवळात शिरून ती थेट विठोबावरच पायताण उगारते. संताचे वैराग्य थोर खरे. पण त्याची किंमत लेकरांच्या पोटाने का चुकवावी? चित्रपट उघडच तुकोबांच्या बाजूचा आहे, तरी जिजाईचा हा प्रश्न तो खोडून काढीत नाही. उलट सालोमालोचे पाहा. त्याच्या लबाडीला आपण मनमुराद हसतो, त्याची फजिती झाली की त्याचा हिशेब मिटतो. जिजाईचा मिटत नाही. आमच्या मते मर्म येथेच आहे. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’त (१९७५) निळू फुले यांचा हिंदुराव आणि डॉ. लागू यांचा मास्तर समोरासमोर येतात. मारुती कांबळेचे काय झाले, हे विचारीत राहणारा तो व्यसनी मास्तर आजही लोकांच्या तोंडी आहे, तोही याच कारणाने.

संत ऑगस्टीन तरुणपणी कार्थेजमध्ये नाटकांचे वेडे होते. ‘कन्फेशन्स’च्या तिसऱ्या भागात ते विचारतात, जे दुःख आपल्या वाट्याला यावे असे कोणालाच वाटत नाही, ते रंगमंचावर पाहून रडण्यात माणसाला सुख का व्हावे? त्यांचा आक्षेप असा की, तेथे प्रेक्षकाला मदतीसाठी कोणी बोलावीत नाही, केवळ हळहळण्यासाठी बोलावतात. हा आक्षेप बिनतोड आहे. काळोखात ढाळलेले अश्रू फार स्वस्त असतात!

पण नाट्यगृहातील दिवे लागल्यावरही जी समोर उभीच राहते, तिचे काय करावे? धर्मग्रामातील एखाद्या मंडळाचा खंदा कार्यकर्ता रोज संध्याकाळी चर्चच्या आवारात असतो. इकडे परळच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत त्याची पत्नी पाणी भरते, मुलांचा अभ्यास घेते, सासूचे औषधपाणी पाहते. तिने तोंड उघडले की ती कटकटी ठरते. पडद्यावर जिजाई तेच बोलते, तेव्हा मात्र आपण कौतुकाने मान डोलावतो. ज्यांचे कार्यक्रम अशा नवऱ्यांच्या सेवेवर सुरळीत पार पडतात, त्या आम्हां धर्मगुरूंना तर ही विसंगती अधिकच टोचावी.

बेथानीच्या मार्थाला उपदेशाच्या वेळी आपण नेहमीच कमी लेखतो. संत लूक यांच्या शुभवर्तमानात प्रभू तिची समजूत घालतात हे खरे. पण संत योहान यांच्या शुभवर्तमानात लाझरसच्या मृत्यूनंतर गावाबाहेर जाऊन, आपण येथे का नव्हता, असा बोल प्रभूंना लावणारी तीच आहे. आणि त्याच भेटीत ‘आपण ख्रिस्त आहात’ अशी कबुली देणारीही तीच. तक्रार आणि श्रद्धा एकाच मुखातून निघतात. जिजाईचा राग निराळा नाही. ती देवाशी भांडते, कारण देव ऐकतो आहे याविषयी तिला शंका नाही.

चित्रपटाच्या अखेरीस तुकोबा विमानातून वैकुंठाला जातात. जिजाई लेकरांसह देहूलाच राहते. दामले-फत्तेलाल यांनी तिलाही वर नेले नाही, यातच आम्हांस त्यांचे सर्वांत मोठे शहाणपण दिसते.