मिळाले, पुढे काय?



मिळवावे कसे, याची चर्चा आपल्या सभांतून पुष्कळ होते. शिष्यवृत्ती, परीक्षा, नोकरी, बढती यांसाठी अजूनही झगडावे लागते. तेव्हा ती चर्चा व्हायलाच हवी. परंतु ज्याला मिळाले त्याने पुढे काय करावे, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. माझ्या मते धम्माचे काम तेथेच अधिक आहे.

मज्झिम निकायात महासारोपम नावाचे सुत्त आहे. देवदत्त संघ सोडून गेल्यावर थोड्याच दिवसांनी तथागतांनी ते राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर सांगितले. एका माणसाला लाकडाचा गाभा हवा असतो. तो रानात जाऊन मोठा वृक्ष गाठतो आणि फांद्यापाने तोडून, हाच गाभा असे समजून परत येतो. दुसरा वरची साल आणतो, तिसरा आतली साल, चौथा गाभ्याभोवतीचे कच्चे लाकूड. लाभ, सत्कार आणि कीर्ती ही फांद्यापाने होत, असे तथागत सांगतात. एवढे कुणालाही पटेल. पण पुढचे नीट पाहा. शील ही वरची साल, समाधी ही आतली साल, आणि ज्ञानदर्शन हेसुद्धा कच्चे लाकूडच! यांपैकी कोणत्याही टप्प्यावर माणूस हुरळला, स्वतःची थोरवी गाऊ लागला, इतरांना तुच्छ लेखू लागला, की तो प्रमादात पडला. मिळण्यात दोष नाही. मिळाले तेथेच मुक्काम ठोकण्यात आहे. देवदत्ताजवळ ऋद्धी होती, राजपुत्र अजातशत्रूचा आश्रय होता. त्याला कमी काय होते?

यावर कोणी म्हणेल, पिढ्यान् पिढ्या उपाशी राहिलेल्या समाजातल्या माणसाने आता कुठे पक्के घर बांधले, तर लगेच त्याला वैराग्य शिकवता काय? मुळीच नाही. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली: आपल्या कष्टाचे धन असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे सुख, ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. पहिली दोन आपल्या माणसाने हक्काने भोगावीत. त्याच्या घराकडे बोट दाखवण्याचा अधिकार कोणालाच नाही. तिसऱ्यापाशी मात्र मी अडतो. सुत्तातले ऋण हे पैशाचे आहे, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांच्या चळवळीमुळे आपल्याला शाळेचे दार उघडले, त्यांचे देणे सोसायटीच्या कर्जाबरोबर फिटले असे कसे धरावे? आणि चौथे सुख तर असे की पहिली तिन्ही मिळून त्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही नाहीत, असे तथागतांनी तेथेच म्हटले आहे.

बाबासाहेबांकडे पाहा. १९२३ साली लंडनची डी.एस्सी. मिळाली, बॅरिस्टरी आधीच हाती होती. तेवढ्यावर सुखाने वकिली करता आली असती. परंतु २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. पुढे मंत्रिपद आले, संविधान झाले. तरी उतारवयात, शरीर साथ देत नसताना, हा जगन्मान्य विद्वान पालीच्या शब्दकोशाचे काम करीत होता. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, भदन्त चंद्रमणींसमोर हात जोडून त्रिशरण-पंचशील त्यांच्यामागून म्हणत होता. त्याच वर्षी १८ मार्चला आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांविषयीची आपली वेदना त्यांनी बोलून दाखवली होती. ती कोणाविषयी होती, हे आपण शिकलेल्यांनी एकमेकांना विचारायला हवे.

आपल्यातला साहेब वस्तीत येतो तो बहुधा १४ एप्रिलला. व्यासपीठावरची खुर्ची, हार, भाषण. आणि गाडी निघते. भाषण चांगलेच असते. पण त्याला कोणी काही विचारू शकेल अशी सोय त्यात नसते, आणि माणूस हवेत जातो तो येथून. घरी बायको बोलेल, पण तिचे कोण ऐकतो!

संघात ही सोय होती. तिला पवारणा म्हणतात. वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांना विनंती करतात की, माझे काही चुकलेले पाहिले, ऐकले वा शंकेस आले असेल तर करुणेने सांगा. श्रावस्तीच्या पूर्वारामात स्वतः तथागतांनी भिक्खूंना विचारले होते, माझ्या वागण्याबोलण्यात तुम्हांला काही निंदनीय दिसते काय? सम्यक् संबुद्धाने हे विचारावे, आणि आपल्या उपअभियंत्याला, प्राध्यापकाला, विहार समितीच्या अध्यक्षाला कोणी काही विचारले की त्यांना अपमान वाटावा!

यंदा आश्विन पौर्णिमेला आपापल्या विहारात एवढे करून पाहा. त्या संध्याकाळी व्यासपीठ मांडू नका, हार आणू नका. ज्यांना मिळाले आहे त्यांनी खाली सतरंजीवर बसावे आणि वस्तीतल्या माणसांना, विशेषतः आपल्या आईच्या वयाच्या बायांना आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरांना, विचारावे की गेल्या वर्षात आमचे काय खटकले? आणि त्या बोलत असताना मध्ये उत्तर देऊ नये.