मूडल सांभाळणार कोण?

विद्यापीठात एलएमएस (ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली) घ्यायचे ठरले की चर्चा पैशांपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. एका बाजूला दर विद्यार्थ्यामागे दर वर्षी भरायचे परवाना शुल्क असते, दुसऱ्या बाजूला मूडल. तुलनात्मक तक्त्यात मूडलच्या रकान्यात शून्य पडते आणि ठराव मंजूर होतो. विद्यापीठाने मूडलसारखी मुक्तस्रोत प्रणालीच घ्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या शून्याकडे पाहून घेतलेले मूडल फार दिवस टिकत नाही. नॅकची समिती येऊन जाईपर्यंत ते चालते. मग अपडेट करायचे राहून जाते, सर्व्हरच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपते, ब्राउझर लाल इशारा दाखवू लागतो आणि शिक्षक पुन्हा व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ पाठवू लागतात.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा निर्णय म्हणूनच नीट समजून घ्यायला हवा. १९६९ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ पहिल्यापासून दूरशिक्षणाचे. शिकवणे पोचवण्याची व्यवस्था हाच त्याचा प्राण. नोव्हेंबर २००५ मध्ये या विद्यापीठाने मूडल स्वीकारत असल्याचे जाहीर केले, तेव्हा तिथे दीड लाखाहून जास्त विद्यार्थी होते आणि मूडल जेमतेम तीन वर्षांचे होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात, कर्टिन विद्यापीठात वेबसीटी नावाची व्यापारी प्रणाली सांभाळणाऱ्या मार्टिन डुगियामस यांनी ते लिहायला घेतले आणि ऑगस्ट २००२ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केली. डुगियामस यांचे बालपण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेले, तिथे शाळा रेडिओवरून भरायची. शिकणारा दूर आणि एकटा असतो, त्याला इतरांशी बोलायला जागा लागते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. मूडलमध्ये चर्चेच्या फोरमला पहिल्यापासून मानाचे स्थान आहे, ते यामुळेच असावे असे मला वाटते.

पण ओपन युनिव्हर्सिटीच्या निर्णयातला महत्त्वाचा भाग पुढचा आहे. परवाना शुल्क नसलेली प्रणाली निवडली आणि आपले ऑनलाइन अध्यापनाचे वातावरण उभे करण्याच्या कार्यक्रमासाठी सुमारे ५० लाख पौंड ठेवले. तो पैसा परवान्यात न जाता माणसांत आणि कामात गेला. विद्यापीठाने स्वतःचे प्रोग्रामर लावले, आपल्या परीक्षापद्धतीला जे लागते ते स्वतः लिहिले आणि लिहिलेले परत मूडलमध्ये दिले. मूडलच्या क्विझचे प्रश्न-इंजिन २०११ च्या २.१ आवृत्तीत नव्याने आले, ते ओपन युनिव्हर्सिटीतच घडले. चित्रावर योग्य जागी नावे ओढून ठेवायचा प्रश्नप्रकारही तिथलाच, तो २०१५ पासून मूळ मूडलचा भाग आहे. आज साताऱ्याच्या एखाद्या महाविद्यालयातली मुलगी हृदयाच्या आकृतीवर झडपांची नावे ओढून ठेवत असेल, तर ती त्याच कामाचा लाभ घेत असते, आणि त्यासाठी तिच्या महाविद्यालयाला कुणाची परवानगी मागावी लागलेली नाही.

आपल्याकडे उलटे होते. परवान्याचे पैसे वाचले म्हणजे ते वाचलेच, असा हिशेब मांडला जातो. सर्व्हर भाड्याने घेतला जातो, एखाद्या एजन्सीला मूडल बसवून देण्याची वर्क ऑर्डर निघते, दोन दिवसांचे प्रशिक्षण होते, आणि पुढची जबाबदारी संगणकशास्त्र विभागातल्या ज्या तरुण प्राध्यापकाला नाही म्हणता येत नाही त्याच्यावर पडते. त्याचे तास कमी होत नाहीत, त्याला त्याचे श्रेयांकही मिळत नाहीत. तो दुसरीकडे नोकरीला लागला की पासवर्डसुद्धा त्याच्याबरोबर जातो.

याच महाविद्यालयांच्या ग्रंथालयात मात्र मुक्तस्रोत प्रणाली वर्षानुवर्षे चांगली चाललेली दिसते. कोहा हे ग्रंथालयांचे सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या ग्रंथालय संस्थेने करून घेतले. त्यांची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये काम सुरू झाले आणि जानेवारी २००० मध्ये कोहा वापरात आले. आज महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत पुस्तकांची देवघेव कोहावर होते. मूडल आणि कोहा यांच्या तंत्रात फार अंतर नाही. दोन्हींना सर्व्हर लागतो, डेटाबेस लागतो, बॅकअप लागतो, आवृत्ती बदलावी लागते. फरक माणसाचा आहे. ग्रंथालयाला ग्रंथपाल असतो. ते मंजूर पद असते, त्याची पात्रता ठरलेली असते, आणि संग्रह नीट राहिला नाही तर जाब कुणाला विचारायचा हे सगळ्यांना माहीत असते. कोहाची आवृत्ती बदलायची वेळ आली की ग्रंथपाल ओळखीच्या ग्रंथपालांना फोन करतो, कार्यशाळेला जातो, कसेही करून ते पार पाडतो, कारण उद्या सकाळी काउंटर उघडायचा असतो. एलएमएसला असे कुणीच नाही. माझे सगळे म्हणणे या एका रिकाम्या पदाभोवती आहे. विद्यापीठाने ते पद निर्माण करावे, आणि करणार नसेल तर मूडल घेऊ नये.

मग तयार व्यापारी सेवाच का घेऊ नये, असे विचारले जाते, आणि हा प्रश्न प्रामाणिक आहे. कंपनी सर्व्हर सांभाळते, रात्री बंद पडला तर तिची माणसे उठतात. छोट्या महाविद्यालयासाठी ही मोठीच सोय आहे. पण या सोयीबरोबर आपण काय हातचे घालवतो ते या क्षेत्राच्या छोट्याशा इतिहासातही स्पष्ट दिसते. डुगियामस सांभाळत होते ती वेबसीटी २००६ मध्ये ब्लॅकबोर्डने विकत घेतली, आणि ती वापरणारी विद्यापीठे निवड न करता ब्लॅकबोर्डची ग्राहक झाली. त्याच वर्षी ब्लॅकबोर्डला ऑनलाइन अध्यापनाच्या प्रणालीवर अमेरिकन पेटंट मिळाले आणि त्या बळावर कंपनीने कॅनडाच्या डिझायर टू लर्न या स्पर्धकावर दावा लावला. २००८ मध्ये टेक्सासमधल्या ज्यूरीने सुमारे ३१ लाख डॉलर भरपाई ठरवली. २००९ मध्ये अपील न्यायालयात पेटंटचे ते दावे टिकले नाहीत. मधली तीन वर्षे जगभरच्या विद्यापीठांत एकच धास्ती होती: शिक्षक, विद्यार्थी आणि अभ्यासक्रम यांना एका पडद्यावर आणण्याची साधी कल्पनाही एखाद्या कंपनीच्या मालकीची होऊ शकते का? कॅनव्हास चालवणारी इन्स्ट्रक्चर ही कंपनी २०२० मध्ये एका गुंतवणूक संस्थेने घेतली, २०२४ मध्ये दुसऱ्या संस्थेने ४८० कोटी डॉलरना. या व्यवहारांत गैर काही नाही. पण त्यात शिकवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, हेही खरे.

फुकट मिळणाऱ्या सेवेचा धडा तर आपल्या अगदी जवळचा आहे. करोनाच्या काळात असंख्य महाविद्यालये गूगल क्लासरूमवर गेली, आणि त्या आणीबाणीत तो शहाणपणाचाच निर्णय होता. साठवणुकीला मर्यादा नव्हती, म्हणून प्रत्येक तासाचे रेकॉर्डिंग ठेवले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने जाहीर केले की प्रत्येक शिक्षणसंस्थेला तिच्या सगळ्या खात्यांसाठी मिळून १०० टेराबाइट जागा मिळेल. जुन्या ग्राहकांना हा नियम जुलै २०२२ पासून लागू झाला. मोठ्या विद्यापीठांत मग खाती बंद करणे, माजी विद्यार्थ्यांचे ईमेल काढून घेणे, रेकॉर्डिंग पुसणे सुरू झाले. काय ठेवायचे आणि काय पुसायचे हे खरे तर विद्वत्परिषदेने ठरवायचे. ते ठरले दुसऱ्याच्या दरपत्रकाने.

बाहेरून घेतलेले तंत्रज्ञान आत कुणालाच कळत नसेल तर काय होते, हे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये पाहिले. लाखो उत्तरपत्रिका पहिल्याच वर्षी सरसकट पडद्यावर तपासायला घेतल्या गेल्या, निकाल महिनोन्‌महिने रखडले, विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. तिथे प्रश्न एलएमएसचा नव्हता. पण परीक्षा आणि अध्यापन ही विद्यापीठाची मूळ कामे, आणि त्यांची यंत्रणा निदान समजणारी माणसे तरी विद्यापीठाच्या पगारावर असलीच पाहिजेत, एवढे त्यावरून मान्य व्हायला हरकत नसावी.

प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःचा सर्व्हर चालवावा असे मी म्हणत नाही, तो हट्ट चुकीचाच ठरेल. एकाच मूडलमध्ये प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र विभाग आणि स्वतंत्र व्यवस्थापक देता येतो. शेकडो संलग्न महाविद्यालये असलेल्या विद्यापीठाने मध्यवर्ती मूडल चालवले आणि त्यासाठी चार-पाच कायम माणसे नेमली, तर खर्च वाटला जातो आणि अनुभव एका जागी साठतो. दोघे सर्व्हर आणि डेटाबेस पाहणारे, एक जण प्रोग्रामिंगचा, आणि दोघे शिक्षकांबरोबर बसून अभ्यासक्रम घडवणारे. शेवटचे दोघे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. मूडलमध्ये विद्यार्थ्यांनी एकमेकांचे लेखन तपासण्यासाठी वर्कशॉप नावाची सोय आहे. निकष शिक्षकाने ठरवायचे, मुलांनी त्यानुसार इतरांचे निबंध वाचून गुण द्यायचे, आणि तपासणीच्या दर्जालाही गुण असतात. सत्तर-ऐंशी मुलांच्या मराठीच्या वर्गात हे किती उपयोगी पडेल! पण ती सोय मांडायला अवघड आहे. शेजारी बसून पहिल्यांदा मांडून देणारे कुणी नसेल तर शिक्षक तिच्या वाटेला जात नाही आणि मूडल पीडीएफ ठेवायचे कपाट होऊन राहते.

कायद्यात यासाठी जागाही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने प्रत्येक विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान मंडळ हे प्राधिकरण दिले आहे. खरेदीच्या निविदा तपासण्यापुरते ते राहू नये. मूळ कोडला हात न लावण्याचा नियम याच मंडळाने घालून द्यावा. एजन्सीला सांगून आपल्याला हवे ते बदल थेट मूळ कोडमध्ये करून घेतले की पुढची आवृत्ती बसत नाही, आणि मुक्तस्रोत प्रणाली घेऊनही विद्यापीठ त्या एजन्सीला बांधले जाते. बदल प्लगइनच्या रूपातच हवेत आणि त्यांचे कोड विद्यापीठाकडे हवे. निविदेत ही एवढी अट असली, तर दर तीन वर्षांनी एजन्सी बदलता येते. मूडलचा खरा फायदा मी या बदलण्याच्या मोकळीकीत पाहतो.

मराठीचेही असेच. मूडलचा पडदा शंभराहून अधिक भाषांत दिसू शकतो, आणि ही भाषांतरे बहुतांशी स्वयंसेवक करतात. मराठीचा संच आहे, पण अपुरा. त्यामुळे एक बटण मराठीत तर दुसरे इंग्रजीत दिसते. हे काम पूर्ण करायला कुणा कंपनीला मराठीत बाजारपेठ दिसण्याची वाट पाहावी लागत नाही. एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने पदव्युत्तर वर्गाचा प्रकल्प म्हणून ते हाती घेतले, तर त्याचा उपयोग नांदेडपासून गोव्यापर्यंत सगळ्यांना होईल. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकवणारे धडे मराठीतही आणले आहेत. तेव्हा हे होत नाही असे म्हणायची सोय नाही.

राहिला प्रश्न तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा. आपल्या महाविद्यालयांत शिकवण्याचा मोठा भार हेच लोक उचलतात, आणि वर्ष संपले की त्यांची नेमणूकही संपते. वर्षभर मांडलेला अभ्यासक्रम, प्रश्नपेढी, टिपणे, स्वाध्याय हे सगळे कुणाचे? मूडलमध्ये संपूर्ण अभ्यासक्रमाचा बॅकअप एका फाइलमध्ये घेता येतो. विद्यार्थ्यांची माहिती वगळून घेतलेली ती फाइल दुसऱ्या महाविद्यालयाच्या मूडलवर पुन्हा उघडता येते. विद्यापीठाने आपल्या धोरणात लिहावे की शिक्षकाला जाताना ही फाइल मिळेल आणि महाविद्यालयालाही तिची प्रत वापरता येईल, मात्र शिक्षकाचे नाव तिच्यावर कायम राहील. याला वेगळा निधी लागत नाही, माहिती तंत्रज्ञान मंडळाच्या पुढच्याच बैठकीत हे मंजूर करता येईल.