परतीचे मुक्काम

पंढरपूरला पायी जाणाऱ्यांची गणती लाखांनी होते. पायी परत येणाऱ्यांची कुणी करत नाही. आषाढी एकादशी पार पडली, की बसस्थानकावर आणि रेल्वेच्या फलाटावर रेटारेटी सुरू होते आणि दोन-अडीच आठवडे ज्या रस्त्याची माती पायाला लावून घेतली, तोच रस्ता माणसं एका रात्रीत झोपेत ओलांडतात. पेरण्या खोळंबलेल्या असतात, घरी गुरंढोरं असतात, त्यामुळे त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. पण पौर्णिमेचा गोपाळकाला झाल्यावर माउलींची आणि तुकोबांची पालखी चालतच परत निघते. जाताना लागलेल्या दिवसांच्या मानाने हे दिवस कमी, मुक्काम लांब लांब पल्ल्याचे आणि सोबत मोजकी माणसं. वर्तमानपत्रांतून परतवारीचे फोटो अभावानेच दिसतात.

आमच्या विदर्भात एक वेगळं दृश्य आहे. शेगावची गजानन महाराजांची पालखीही पंढरपूरहून पायीच येते आणि तिच्या अखेरच्या टप्प्यात, खामगाव ते शेगाव, जी गर्दी लोटते ती पाहून दडपण येतं. ज्यांना पंढरपूर गाठता आलं नाही ते एवढ्या वाटेपुरते का होईना, चालून घेतात. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो. घरी परतणं हीसुद्धा चालण्याजोगी गोष्ट आहे, हे तिथे लोकांनी कुणी न सांगता ओळखलं आहे.

हे सगळं मनात येण्याचं कारण नेपाळ. दिवाळीच्या आधी आम्ही काही मित्र पाठीवर तंबू घेऊन लांगटांगच्या खोऱ्यात चालायला गेलो आणि तिथून जमिनीवरूनच, बसने आणि रेल्वेने, केळझरला परत आलो. गावात ज्याला सांगितलं त्याला चालणं समजलं. केळझरच्या माणसाला चालणं सांगावं लागत नाही. चतुर्थीला सिद्धिविनायकाच्या टेकडीकडे लोक आजही पायी येतात आणि पांडव वनवासी वेषात फिरत फिरत ज्या एकचक्रा नगरीत येऊन राहिले ती हीच, भीमाने बकासुर मारला तो इथेच, अशी गावाची श्रद्धा आहे. लोकांना कळेना ते परत येणं. शेजारच्या काकांनी विचारलंच, "काहून जी, विमान नव्हतं का भेटत?" भेटत होतं. काठमांडूहून दिल्लीमार्गे नागपूर एका दिवसात झालं असतं.

मग काहून? त्याचं उत्तर मला नीट द्यावंसं वाटतं, कारण अशा सुट्ट्या आता आपल्याकडेही वाढत चालल्या आहेत. पुण्या-मुंबईची मराठी माणसं आल्प्समध्ये माँ ब्लांला पायी वळसा घालून येतात, स्पेनमधली सांतियागोची यात्रावाट चालतात. नागपूर-वर्ध्याची पोरं नेपाळ गाठतात. चांगलंच आहे. पण या सगळ्या बेतांमध्ये परतीचा दिवस म्हणजे सुट्टीचा टाकाऊ तुकडा, असं धरलेलं असतं. तो जितका लहान करता येईल तितका करायचा. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. पायाने मिळवलेलं अंतर पायाच्याच वेगाला जरा तरी जवळच्या वेगाने परत करायला हवं, नाहीतर ते आपल्याजवळ राहतच नाही.

चालायला परदेशात कशाला जायचं, हा प्रश्नही रास्तच. केळझरच्या उशाशी बोरचं जंगल आहे. 1970 साली अभयारण्य झालेल्या या जंगलाला 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तिथे पर्यटक जिप्सीत बसून जातो, पाय खाली टेकवत नाही, आणि वाघ आहे म्हटल्यावर ते योग्यच आहे. दुसऱ्या बाजूने समृद्धी महामार्ग गेला. त्यावर पायी चालायला मनाई, दुचाकीलाही मनाई. पांदण रस्ते उरलेत, पण निम्म्या पांदणींवर दोन्हीकडच्या वावरांचे धुरे सरकत आलेले. म्हणजे घराजवळ दिवसभर चालावं अशी सलग वाट शोधायची म्हटली तर अवघड झालं आहे. स्कॉटलंडने 2003 साली कायदा करून कुणाच्याही मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने चालण्याचा आणि तंबू टाकून रात्र काढण्याचा हक्क माणसाला दिला. स्वीडनमध्ये हा हक्क रूढीनेच चालत आलेला आहे. आपल्याकडे कधीकाळी देवळाचा ओटा, धर्मशाळा, पाटलाचा वाडा हे काम करत. ते गेलं आणि त्या जागी काही आलं नाही. याची खंत मला आहे, आणि नेपाळच्या डोंगरातल्या वाटेवर ती जास्त जाणवली, कारण तिथे वाट ही अजून माणसांची आणि खेचरांचीच आहे.

लांगटांगची वाट स्याफ्रुबेसीपासून नदीच्या काठाने चढते. खाली बांबू, वर ओक, मग गवताळ कुरणं आणि क्यांजिन गोम्पाशी, सुमारे 3,800 मीटरवर, सरळ बर्फाच्या भिंती. लॉजच्या अंगणात विचारून आम्ही तंबू ठोकत असू. वरच्या मुक्कामाला पहाटे जाग आली की आधी हलायचं नाही, हे पहिल्याच रात्री कळलं. रात्रभर सोडलेला श्वास तंबूच्या आतल्या कापडावर गोठून पांढरी खर झालेली असते. कूस बदलली, कापडाला खांदा लागला, की ती चेहऱ्यावर, मानेवर भुरभुर पडते. तोंड झाकून, हळूच चेन उघडून बाहेर यायचं. बाहेर समोरच्या शिखराला ऊन लागलेलं आणि आपण अजून सावलीत, बोटं काखेत धरून स्टोव्ह पेटण्याची वाट पाहत.

त्या वाटेवर लांगटांग गावाची जुनी जागा लागते. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात वरचा डोंगर बर्फ-दगडांसकट खाली आला आणि अख्खं गाव गाडलं गेलं. दोनशेहून अधिक माणसं गेली. आता तिथे दगडांचा पसारा आहे आणि त्या दगडांवरूनच वाट जाते. गावाने थोडं वर नवी घरं बांधली आहेत. मृतांची नावं कोरलेली भिंत आहे. आम्ही ती नावं वाचत उभे राहिलो. एकेका आडनावाची रांगच्या रांग. अशा जागेवरून दुसऱ्या दिवशी खाली उतरायचं आणि तिसऱ्या दिवशी विमानतळावरच्या झगमगाटात कॉफी प्यायची, हे मला मनाच्या दृष्टीने अन्यायाचं वाटतं. पाहिलेल्या गोष्टीला आत बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ मला बसने आणि रेल्वेने दिला.

खाली उतरताना लांगटांग नदी शेवटपर्यंत कानाशी होती. स्याफ्रुबेसीला ती भोटेकोशीला मिळते आणि पुढे त्रिशूली होते. काठमांडूहून भारताच्या सीमेकडे निघालेली बस याच त्रिशूलीच्या काठाने नारायणघाटपर्यंत येते. चार दिवसांपूर्वी ज्या पाण्यात पातेली घासली तेच पाणी खिडकीतून मळकट, रुंद झालेलं दिसतं. तिथून ते नारायणी होऊन आणि पुढे गंडक होऊन गंगेला जाणार. नकाशात ही रेघ कितीदा पाहिली होती. ती खरी आहे, हे तिच्या सोबत उतरल्यावर पटलं.

सोनौलीची सीमा पायी ओलांडली. 1950 च्या करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही. पाठीवर ओझं, हातात ओळखपत्र आणि कमानीखालून देश बदलतो. गोरखपूरला राप्तीसागर एक्सप्रेस धरली. ही गाडी केरळला जाते आणि वाटेत नागपूर येतं. लखनौच्या अलीकडे घाघरा, कानपूरला गंगा, काल्पीला यमुना, पुढे बेतवा, पूर्वीच्या होशंगाबादला नर्मदा. शाळेत ज्या नद्या घोकल्या त्या एका दिवसरात्रीत पुलांच्या खडखडाटातून ओळीने येतात. इटारसी सोडली की गाडी सातपुड्याचा घाट चढते आणि मग मुलताई येतं. तापी तिथली आणि आमच्या जिल्ह्याला नाव देणारी वर्धा नदीही त्याच पठारावरची. एक अरबी समुद्राकडे वळते, दुसरी गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे. मुलताई ओलांडली की पाणी आपल्याकडे वाहू लागतं. बोर, धाम, सगळ्यांचं पाणी शेवटी त्या वर्धेतच. मला वाटतं, घर जवळ आल्याची खूण स्टेशनांच्या पाट्यांपेक्षा ही खरी.

आमचा तंबू ओला होता. तो डब्यात वरच्या बर्थवर अर्धा उलगडून ठेवला. समोर देवरियाकडचा एक तरुण होता, एर्नाकुलमला फरशी बसवायच्या कामावर निघालेला. डब्यात बहुतेक असेच. हिवाळ्याच्या तोंडाशी घर सोडून दक्षिणेला चाललेले. आमची परतीची गाडी ही त्यांची जाण्याची गाडी होती. सत्तूच्या लिट्ट्या त्याच्या आईने कागदात बांधून दिल्या होत्या, त्यातली एक त्याने पुढे केली. पाठीवर एवढं ओझं घेऊन डोंगर चढायचे किती मिळतात, त्याने विचारलं. मिळत काही नाही, आपणच पैसे देतो, असं सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग त्याने घर कुठलं, शेती किती, तूर होते का, असं विचारलं आणि बोलणं तुरीवर गेलं. विमानात ही भेट झाली नसती. माझं चालणं हौसेचं आहे आणि या देशात बहुतेकांचं चालणं गरजेचं असतं, हे मी पुस्तकांत वाचलेलं होतं. त्या डब्यात ते गुडघ्याला गुडघा लावून समोर बसलं होतं.

त्यातून मला आठवलं ते करमाड. 8 मे 2020. टाळेबंदीत काम बंद पडलेले मजूर जालन्याहून रुळांच्या कडेने पायी भुसावळकडे निघाले होते, तिथून मध्य प्रदेशातल्या आपल्या घराकडे जायला गाडी मिळेल या आशेने. थकून रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडी आली. सोळाजण गेले. चालत जायचं आणि रेल्वेने घरी पोहोचायचं, एवढाच त्यांचाही बेत होता. पायी फिरण्याच्या आनंदावर लिहिताना ही तारीख मला गाळता येत नाही. रेल्वेने घरी परतता येणं ही सोय नाही, तो माणसाचा फार मोठा आधार आहे, आणि तो आधार काढून घेतला की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे.

जुन्या लोकांनी परतीकडे किती गांभीर्याने पाहिलं होतं! वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे पायी निघाले, ते बंडाच्या वणव्यात सापडले, लुटले गेले. तरी परतताना गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते कोकणात आले. त्यांचा 'माझा प्रवास' झाशीच्या वेढ्यासाठी वाचला जातो. मला त्यातली परतीची कावड जास्त दिसते. सगळं गमावलेल्या माणसाने आईवडिलांसाठी पाणी मात्र सांडू दिलं नाही.

आणि विनोबा तर आमच्याच रस्त्यावरचे. नागपूरहून वर्ध्याला निघालं की केळझर ओलांडल्यावर पुढे धाम नदीच्या काठी पवनार लागतं. 1951 मध्ये नेहरूंनी नियोजन आयोगाशी चर्चेसाठी दिल्लीला बोलावलं तेव्हा विनोबा येतो म्हणाले, पण पायी. 12 सप्टेंबरला पवनारहून निघून नोव्हेंबरात दिल्लीत पोहोचले. त्यानंतर ते चालतच राहिले. 1962 च्या सप्टेंबरात त्यांची पदयात्रा पूर्व पाकिस्तानातूनही गेली. पायी परदेश म्हणजे हाच. त्याच वर्षी सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टनकडे पायी निघाले. विनोबांनी त्यांना सांगितलं होतं, जवळ पैसा ठेवू नका. यामागचा विचार साधा आणि खोल आहे: पैसा असला की माणूस संध्याकाळी खाणावळ शोधतो, नसला की कुणाचं तरी दार वाजवतो. अटलांटिक मात्र त्यांना जहाजानेच ओलांडावा लागला. विनोबा 10 एप्रिल 1964 ला पवनारला परतले. साडेबारा वर्षांहून जास्त काळाने. तेव्हा ज्यांनी त्यांना येताना पाहिलं त्यांच्यासाठी परतणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायची गरज उरली नसेल.

आमच्यासारख्यांना साडेबारा वर्षं नकोत, तीन दिवस हवेत. तेच मिळत नाहीत, असं तरुण मुलं म्हणतात, आणि ती खोटं बोलत नाहीत. सुट्टी मोजून मिळते. विमानाच्या धुराचा हिशोब त्यांना पाठ असतो, रेल्वे त्यामानाने किती कमी हवा बिघडवते हेही ठाऊक असतं, पण रजेचा अर्ज धुरावर मंजूर होत नाही. त्यांना माझं सांगणं एवढंच आहे, की काटछाट करायचीच तर वरच्या टोकाला करा. एखादी खिंड राहू द्या, एखादं शिखर पुढच्या वेळी. क्यांजिनला एक रात्र कमी काढा आणि ती रात्र सातपुड्याच्या घाटात, स्लीपरच्या खिडकीशी काढा. गोरखपूरहून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. डोंगरातला बेत ठरवायच्या आधी ते तिकीट काढून टाका, म्हणजे बाकीचं सगळं त्याच्याभोवती बसवता येतं. नागपूरला उतरल्यावर एस.टी. मिळते. सेलडोह आलं की कपाशीच्या वावरांतून वेचणीला वाकलेल्या बाया दिसू लागतात आणि सामान आवरायला घ्यावं लागतं, कारण केळझर लगेचच येतं.