अंगठा धरत नाही

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत माणसं येतात कुठून, हे बघायचं असेल तर शिफ्ट सुटताना फाटकापाशी उभं राहावं. भट्टीवर उत्तर प्रदेश-बिहारची पोरं. बाकी अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. कुणी २०१२ च्या दुष्काळात मोसंबीची बाग वाळली म्हणून आलेला, कुणी लग्नाचं कर्ज फेडायला म्हणून आला आणि इथलाच झाला. भंगार वितळवायचं, त्याचं बिलेट पाडायचं आणि बिलेट पुन्हा लाल करून त्याची सळई ओढायची, हा इथला धंदा. बियाण्यांनी जालन्याचं नाव केलं खरं, पण रात्रीचं आभाळ तांबूस करतं ते पोलादच.

ही गोष्ट अशाच एका रोलिंग मिलची. नाव सांगत नाही. सांगितलं नाही तरी चार मिलवाले म्हणतील, आमचीच.

त्या मिलमध्ये हजेरीबाबू होते. लाल कापडी पुठ्ठ्याची वही, कानावर पेन. एसटी उशिरा आली म्हणून कुणी पंधरा मिनिटं चुकला तर बाबू वर न बघता त्याची हजेरी मांडत. पुढची पाळी वेळेवर आली नाही म्हणून कुणाला अर्धा तास जास्त थांबावं लागलं, तर तेही बाबू वर न बघता सोडून देत. दोन्हीकडं सारखाच मऊपणा, असं सगळ्यांना वाटायचं. हिशेब कुणी केला नव्हता.

बाबूंचे गुडघे गेले, ते घरी बसले. तेव्हा छोटे शेठ पुण्याहून शिकून आले होते. त्यांनी सॉफ्टवेअर आणलं. फाटकावर अंगठ्याचं मशीन, मोबाइलमध्ये ॲप. हजेरी, रजा, उचल, पगारपत्रक, सगळं त्यातच. कंपनीचा पोरगा येऊन तासभर पडद्यावर इंग्रजी चित्रं दाखवून गेला. "एकदम सोपं आहे," असं तो पाच-सहा वेळा म्हणाला. लोकांनी समोसे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर रांग. सांडशीनं तापलेलं लोखंड धरणाऱ्यांच्या बोटांवर रेषा असतात कुठं? कातडं जाड होऊन चकचकीत झालेलं. अंगठा ठेवला की आतली बाई म्हणायची, "कृपया पुनः प्रयास करें." पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. तिकडं भट्टी तापलेली, इकडं माणसं अंगठे पँटीला पुसताहेत. तिसऱ्या दिवशी मशीनच्या काचेवर कुणीतरी तंबाखूचा चुना फासला.

छोटे शेठ चिडले. चेहरा ओळखणारं मशीन आणलं. त्यानं येताना सगळ्यांना बरोबर ओळखलं. जाताना तोंडं काळी झालेली, त्यातल्या निम्म्यांना ओळखलं नाही. आत गेलेला माणूस बाहेर आलाच नाही, म्हणून त्या महिन्यात कितीकांचा अर्धा दिवस कापला गेला. पगाराच्या दिवशी मिल दोन तास बंद.

सांडशीवर सगळ्यांत जुने एक मामा होते, घनसावंगीकडचे. छोट्या शेठांनी त्यांनाच केबिनमध्ये बोलावलं. "मामा, तुम्ही तरी समजून घ्या. दुनिया बदलली."

"दुनियेचं आमाला बी म्हाईत हाय, शेठ. आमची मालकीण रोजगार हमीवर जाते."

२०२३ च्या जानेवारीपासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मोबाइलच्या ॲपवरून दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी सक्तीची झाली होती. तिच्या पाणंद रस्त्याच्या कामावर रेंज नव्हती, दुसरा फोटो चढला नाही. दिवसभर माती उचलली आणि रोज बुडाला. तक्रार कुणाकडं करायची? ज्याच्या हातात मोबाइल, तो म्हणे वरून झालं. वरचे म्हणत, खालून आलंच नाही.

मामा पुढं म्हणाले, "बाबूंच्या वहीत वाकून बघितलं तर मपलं नाव दिसायचं. हे मशीन आमाला बघतंय. आमी कामून त्याला बघायचं न्हाई?"

कामगाराला स्वतःची हजेरी दिसेल अशी सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. मुनीमजींच्या सल्ल्यानं ती बंद ठेवली होती. छोट्या शेठांनी ती मराठीतून सुरू केली आणि कॅन्टीनच्या भिंतीवर पडदाही लावला. मशीनशेजारी पाण्याची बादली आणि साबण ठेवला. आठ दिवसांत तक्रारी बंद.

पण पुढच्या महिन्यात वेगळंच झालं. दहावी झालेला एक पोऱ्या पडद्याकडं बघत टपरीवर वहीत आकडे मांडत बसला. पाळी आठ ते चार. जाण्याची वेळ रोजची चार पंचवीस, चार तीस, चार वीस. सरासरी पंचवीस मिनिटं धरली तर २६ दिवसांचे जवळपास ११ तास. १९४८ च्या कारखाना कायद्यात तेव्हा आठवड्याचे ४८ तास भरले की पुढं दुप्पट दर होता, आणि आठ तासांच्या सहा पाळ्यांतच ४८ भरतात. म्हणजे महिन्याला जवळजवळ पावणेतीन दिवसांचा रोज. बाबूंच्या मऊपणाचा हा पहिलाच हिशेब.

लोक केबिनपुढं उभे राहिले. मुनीमजी म्हणाले, "तरी मी सांगत होतो." त्याच संध्याकाळी पडदा काळा झाला.

सकाळी कॅमेऱ्याच्या भिंगावर चुना.

पुसला, पुन्हा लागला. पंधरा दिवस हेच. पगार कशावर काढायचा, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा कसा करायचा, कुणालाच कळेना. शेवटी मोठे शेठ उठून मिलमध्ये आले. ते धर्मात्मा वगैरे नव्हते. भंगाराच्या धंद्यात पैसा न् पैसा मोजत वर आलेले. त्यांनी मुनीमजींना एवढंच विचारलं, "भंगारवाला आपल्या काट्याचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी खाली करतो का?"

"नाही करत."

"मग ह्यांच्यापासून आकडा झाकून गाडी खाली करून मागतोस कशी?"

पडदा पुन्हा लागला. मशीन बसल्यापासूनच्या जादा वेळेचे पैसे दोन हप्त्यांत मिळाले. त्याच्या आधीच्या वर्षांचं काय, असं दोघाचौघांनी काढलं. बाबूंना कशाला आता ओढायचं, म्हणून मामांनी ते मिटवलं. मला ते तितकंसं पटलेलं नाही, पण पैसा त्यांचा होता.

दुप्पट दरानं पैसे जायला लागल्यावर मोठे शेठ रोज पडदा बघू लागले. पंचवीस मिनिटांचा उशीर होतो तरी कुणामुळं? दुपारच्या पाळीचा सुपरवायझर चारला यायचा तो साडेचारला यायचा, आणि तो आल्याशिवाय पाळी बदलत नसे. तो निघाला मोठ्या शेठांचा मेहुणा.

तेव्हापासून ते मशीन मेहुण्याचा चेहरा ओळखेनासं झालं आहे. सावलीत ओळखत नाही, उन्हात ओळखत नाही, चष्मा काढला तरी नाही. मशीन सदोष असून सुपरवायझर मंडळींना त्यातून वगळावं, असा दोन पानी लेखी अर्ज त्यानं दिला.

छोट्या शेठांनी तो न वाचताच परत पाठवला. वर शेरा मारला: अर्ज ॲपमधूनच करावा.