खांब आणि आरसा

इंग्रजीतल्या ‘आयडियलिझम’ला उर्दूत एकच एक प्रतिशब्द नाही. तत्त्वज्ञानाचं पुस्तक असेल तर ‘ऐनियत’ किंवा ‘तसव्वुरियत’. ध्येयवेड्या माणसाविषयी बोलायचं असेल तर ‘मिसालियत-पसंदी’. इंग्रजीला या वाटणीची गरज वाटली नाही. जाणणारं मन नसेल तर वस्तूही नाही, असं १७१० साली लिहिणारा बर्कली आयडियलिस्ट, आणि चांगली नोकरी सोडून पाड्यावर शाळा काढणारा तरुणही आयडियलिस्टच. (बर्कलीचं म्हणणं डॉ. जॉन्सन यांनी एका धोंड्याला लाथ मारून खोडून काढलं होतं. तरुणाच्या बाबतीत ते काम नातेवाईक करतात.) मराठीनं मात्र उर्दूसारखीच दोन घरं केली: पहिल्याचा चिद्वाद, दुसऱ्याचा ध्येयवाद.

उर्दूतलं ते ‘पसंदी’ मला फार आवडतं. आपण विचार दिसला की त्याला ‘वाद’ जोडतो, म्हणजे भांडणाची सोय आधीच करून ठेवतो. उर्दूत तोच आवडीचा मामला होतो. १९३६ साली लखनौला जमलेले पुरोगामी लेखकही त्यांच्याकडे ‘तरक्की-पसंद’.

पण खरी गंमत ‘ऐन’मध्ये आहे. अरबीत ऐन म्हणजे डोळा. झराही. शिवाय एखादी गोष्ट स्वतः, जशीच्या तशी. मराठीनं उचलला तो हा शेवटचा अर्थ: ऐन वेळी, ऐन दुपारी, ऐन पंचविशीत. शेतसारा रोकड न घेता धान्यात घेतला तर तो ऐनजिनसी. इब्न अरबीच्या सूफी विचारात हाच शब्द वस्तूंच्या मूळ रूपांसाठी येतो, आणि प्लेटोच्या ‘आयडिया’लाही तो नेमका बसतो. बसणारच, ती ग्रीक ‘आयडिया’सुद्धा ‘पाहणे’ या क्रियापदातूनच निघालेली. इक्बाल मात्र प्लेटोवर बिघडलेले होते. दिसणारं जग टाकून न दिसणाऱ्याच्या मागे लागला, म्हणून १९१५ च्या ‘असरार-ए-खुदी’त त्यांनी त्याला थेट मेंढरांत नेऊन बसवलं. ते काव्य फारसीत आहे. उर्दूत ध्येयाला जो भारदस्त शब्द आहे तो ‘नस्बुलऐन’: डोळ्यांपुढे रोवलेलं. माळावर खांब रोवावा तसं.

आता आपला ‘आदर्श’. दृश् धातू, म्हणजे पुन्हा डोळाच. पण संस्कृतात आदर्श म्हणजे चक्क आरसा, आणि मराठीतला ‘आरसा’ हा त्याच शब्दाचा झिजलेला अवतार. एकाच घरातली दोन भावंडं. एक प्रमाणपत्रावर सोनेरी अक्षरांत मिरवतं: आदर्श शिक्षक, आदर्श गाव, आदर्श सरपंच. दुसरं न्हाणीघराबाहेर खिळ्याला लटकलेलं, कडेला टिकल्या चिकटवलेल्या. पहिल्याचा सत्कार शाल-श्रीफळ देऊन होतो, दुसऱ्याला फडक्यानं पुसावं लागतं.

दोहोंतला खांब मला सोयीचा वाटतो. तो लांब असतो, आणि त्याच्याकडे चालत राहिलं की निदान दिशा तरी चुकत नाही. आरशाकडे चालत जावं, तर समोरून आपणच येत असतो. पारा उडालेला असला तर तेही अर्धेच.