आवाज न करणारा पंप

शांतता फुकट मिळते असा एक समज साधुसंतांनी पसरवून ठेवला आहे. त्यांना मिळतही असेल. हिमालयात सोसायटीचा पंप नसतो. तुम्हाआम्हाला ती विकतच घ्यावी लागते. आणि विकत घ्यायची म्हटली की निवड आली, भाव आला, आणि घेतल्यावर "अहो, यापेक्षा चांगली मिळाली असती" असं सांगणारे शेजारीही आले.

शांततेच्या या बाजारात मला माझ्या भाच्याने नेलं. तो पुण्याला असतो आणि स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जोडतो. कॉम्प्युटरचं डोकं काम करताना तापतं. (आमच्या हपिसातल्या साहेबांचं काम न करता तापायचं, पण तो विषय निराळा.) तापलेल्या डोक्यावर पंखे लावले तर ते बोंबलतात. म्हणून भाच्याने पाण्याचा मार्ग धरला. डोक्यावर तांब्याचा ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी खेळवायचं, आणि तापलेलं पाणी मोटारीत असतो तसल्या रेडिएटरमध्ये नेऊन निववायचं. तिथेही पंखे असतातच, पण ते संथ फिरले तरी भागतं. मात्र पाणी काही आपण होऊन फिरायला निघत नाही. त्याला पंप लागतो. आणि पंप आवाज करतो! एक आवाज घालवायला दुसरा घरात घ्यायचा, हा प्रकार मी निवडणुकीत पाहिला होता, कॉम्प्युटरमध्ये पहिल्यांदाच पाहिला.

"मामा, डीडीसी घेऊ की डी-५?" भाच्याने विचारलं. मी गंभीर चेहरा केला. वयाने मोठ्या माणसाजवळ उत्तर नसलं तरी चेहरा असावा लागतो.

मग त्यानेच मला समजावलं. डीडीसी चणीने लहान, जोर दांडगा, पण आवाज बारीक. कानाशी डास गुणगुणावा तसा. डी-५ अंगाने थोराड आणि आवाजाने खर्जातला. त्याच्या फिरत्या भागाला आरपार दांडा नाही. तो एका छोट्या गोळीवर तोलून पाण्यातच गरगरतो आणि पाणी हेच त्याचं वंगण. म्हणून त्याला कोरडा चालवायचा नाही. त्याला १ ते ५ आकड्यांची चकती असते. पुरा सोडला तर तो ताशी १५०० लिटरपर्यंत पाणी ढकलू शकतो, आणि कॉम्प्युटरला सव्वादोनशेच्या आसपास पुरतं. तेव्हा २ वर ठेवायचा. तापमान वाढलंच तर एखाद-दुसऱ्या अंशाने वाढतं, आवाज मात्र पार बसतो. शिवाय पंप थेट पेटीला आवळायचा नाही. पेटी म्हणजे तंबोऱ्याचा भोपळा. खालची कुजबुज ती सभेला ऐकवते. म्हणून मध्ये रबर किंवा स्पंजाची गादी. शेवटी नळ्यांतली हवा काढायची, नाहीतर आत हुक्का ओढत बसल्यासारखी गुडगुड चालते.

एवढं करूनही संपूर्ण शांतता मिळत नाही ती नाहीच. जॉन केज नावाचे एक अमेरिकन संगीतकार १९५१ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातल्या अशा एका खोलीत गेले, की जिथे भिंती सगळा आवाज गिळून टाकतात. तरी त्यांना दोन आवाज ऐकू आले, एक बारीक आणि एक जाड. जाड आवाज तुमच्या रक्ताभिसरणाचा, असं तिथल्या इंजिनियरने त्यांना सांगितलं. म्हणजे तिथेही पंप होताच! स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं. ताशी तीनशे लिटर झाले; भाच्याच्या कॉम्प्युटरपेक्षा थोडे जास्तच. आणि चकती कुठे असते ते कंपनीने आपल्याला कळवलेलं नाही.

मला प्रश्न पडला तो इथे. आपल्याला नको असतो तो आवाज, की आपल्यासाठी कोणीतरी राबतंय ही आठवण?

आमच्या काकू आवाज करून काम करीत. बशी आपटली तर दूध नासलंय, ताट आपटलं तर काका पाहुण्यांना जेवायला बोलावून बसलेत, आणि पातेलं आपटलं तर काकांनी देवळात जाऊन यावं हे बरं, एवढी त्या घरातली बाराखडी पोरासोरांना पाठ होती. काकूंना काय होतंय हे कधी कोणाला विचारावं लागलं नाही. उलट आपण सर्टिफिकेट देतो ते न आपटणाऱ्यांना. "इतकं करते, पण हूं का चूं नाही!" आवाज करणारा आपली खबर स्वतः देतो. न करणाऱ्याची खबर घ्यावी लागते. शांततेची खरी किंमत ही असावी.

पंप बनवणाऱ्यांना हे कळलेलं आहे. डी-५ शांत खरा, पण त्याची एक बारीक तार मदरबोर्डाकडे जाते. मिनिटाला किती फेरे झाले ते त्या तारेवरून सतत कळवलं जातं. फेरे थांबले तर कॉम्प्युटरने आधी बोंब मारावी आणि मग स्वतःला बंद करून घ्यावं, अशी सोय करता येते. म्हणजे ज्याला गप्प बसवलं, त्याला क्षणोक्षणी "आहेस ना बाबा?" असं विचारायची जबाबदारी कॉम्प्युटर घेतो. हा शिष्टाचार माणसांपेक्षा यंत्राला अधिक आहे असं म्हणवत नाही, पण म्हणावं लागतं.

हे तत्त्वज्ञान मी भाच्याला ऐकवत होतो तेव्हा आमच्या दोघांच्या मध्ये चहाचे दोन कप आलेले होते. कधी आले, दोघांनाही कळलं नव्हतं. ताई, म्हणजे भाच्याची आई, परत आत निघाली होती. माणसाला तार नसते, तोंडानेच विचारावं लागतं. म्हटलं, "ताई, गुडघा काय म्हणतोय तुझा?"

ती थबकली, खुर्ची ओढून बसली आणि सांगायला लागली. पंप एका आकड्यात उत्तर देतो. ताईला सव्वा तास लागला. चहा पार निवला. पण भाच्याने फेऱ्यांचा विषय पुन्हा काढला नाही.